शेवटचं कडवं

दुसऱ्याच्या निर्मितीखाली आपलं नाव घालणं हे माणूस मारण्याच्या खालोखालचं पाप आहे.

हे वाक्य मी बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांमधून म्हटलेलं आहे. मागे फ्लेक्स, त्यावर केस काळे असतानाचा माझा फोटो, पुढे सतरंजीवर दाटीवाटीनं बसवलेली मुलं, टेबलावर पाण्याची सीलबंद बाटली. वाक्य म्हणून झालं की मी थोडा थांबतो. सगळे गंभीर होतात. हे गांभीर्य मागच्या खोलीत कपबशा वाजायला लागेपर्यंत टिकतं. मग आभार, मग शाल आणि नारळ, आणि मग मी जीपच्या मागच्या सीटवर नारळ मांडीवर घेऊन केजला घरी.

वाक्य वाईट नाही. ते माझं स्वतःचं आहे, हे मुद्दाम सांगतो — कारण ज्याच्या जोरावर मला ते म्हणायला बोलावतात, ते माझं नाही.

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. एका मित्राला मी सगळं सांगतो, निदान त्याचा तसा समज आहे, त्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल. चेहरा दिसायला लागला की मी भाषण करायला लागतो.

तर — मी केजच्या एका शाळेत मराठी शिकवतो. निवृत्ती जवळ आली आहे. मध्यंतरी एका वर्षी वरून फर्मान आलं, की मुलांना कॉपीराइट शिकवा. नेटवरून निबंध उतरवू नयेत, दुसऱ्याची चित्रं उचलू नयेत, ज्याचं श्रेय त्याला द्यावं, वगैरे. आता हे शिकवायचं कुणी? ज्याच्याजवळ स्वतःचं काहीतरी आहे असा मास्तर पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याजवळ एक गाणं होतं.

ते गाणं तुम्ही ऐकलेलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही आमच्या भागातल्या एखाद्या शाळेत पाहुणे म्हणून गेला असाल, तर नक्कीच. आमच्याकडे स्वागतगीताशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. पाहुणे उशिरा येतात, मुली तोवर उन्हात रांगेत उभ्या असतात, आणि पाहुणे आल्यावर त्याच मुली त्यांना सांगतात की आपल्या येण्यानं आम्ही धन्य झालो. बहुतेक स्वागतगीतं असलीच असतात. एखादी सिनेमाची चाल, त्यात सूर्य, चंद्र, ज्ञानगंगा, आणि पाहुण्यांच्या नावासाठी सोडलेली मोकळी जागा. जागा मोठी सोडावी लागते, कारण काही पाहुण्यांची पदं लांब असतात.

हे गाणं तसं नाही. त्यात ज्ञानगंगा नाही. ते असं सुरू होतं:

उन्हातून आलात, घडीभर बसा,
माठातलं पाणी, सावलीचा वसा.

एवढंच. आष्टीपासून माजलगावपर्यंत ते म्हटलं जातं. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ आहेत, आणि प्रत्येकाखाली गीतकार म्हणून माझं नाव आहे. कुठं कुठं नावाआधी 'कविवर्य' असतं.

आता सांगतो. — थोडं थांबून सांगितलं तर चालेल ना?

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत एक मोठे साहेब येणार होते आणि आमचं जुनं स्वागतगीत म्हणून म्हणून पार झिजलं होतं. हेडमास्तर म्हणाले, नवं करा. मला करता येईना. मी वाचतो पुष्कळ, आणि पुष्कळ वाचणाऱ्या माणसाला लिहिता येत असणार असा एक गैरसमज आहे. तो मी कधी दूर केलेला नाही. शेवटी नववीच्या वर्गात विचारलं, कुणाला दोन ओळी सुचतात का बघा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सुजाता आली. ती बुद्धवाड्यातली. तिचे आजोबा गायन पार्टीत गायचे; जयंतीच्या दिवसांत त्यांची पेटी आणि आवाज गावोगाव जायचा. तिनं काही लिहून आणलं नव्हतं. खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली आणि गाऊन दाखवलं, डोळे बाहेर शाळेच्या हापशावर ठेवून. मी डबा खात होतो. घास हातात राहिला, हे मला अजून आठवतं. इतकं साधं बोलणं गाण्यात बसू शकतं, हे मला ठाऊक होतं — पुस्तकांतून. माझ्या वर्गात, माझ्या समोर, ते होईल असं वाटलं नव्हतं.

गाण्याला चार कडवी होती. चौथं असं होतं:

हार न्हाई, तुरा न्हाई, भाकरीचा वास,
सुजाता म्हनते, घ्यावा पहिला घास.

ज्यांनी गायन पार्ट्या ऐकल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. त्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतंच. गाणं कुणीही गावं, कुठंही न्यावं, कुणाची आडकाठी नाही. फक्त शेवटचं कडवं सोडायचं नाही. सोडलं तर त्याला 'नाव खाल्लं' म्हणतात. हे सारं मला त्या वेळी ठाऊक होतं. अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोय मला नाही.

मी दोन गोष्टी केल्या. तिनं 'उन्हातून आलाव' म्हटलं होतं, तिथं मी 'आलात' केलं. या गाण्यातलं माझं योगदान ते इतकंच. आणि म्हटलं, हे शेवटचं कडवं राहू दे. मोठी माणसं येणार, त्यात आपलं नाव कशाला?

ती म्हणाली, "मंग कुनी केलं ते कळंल कसं, सर?"

मी म्हटलं, जाहीर करू की आपण माईकवरून.

मला तिचं नाव का खटकलं? मुलीचं होतं म्हणून, की लहान मुलीचं, की वस्तीतल्या मुलीचं? मोठ्या माणसांसमोर कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं नाही, याची एक वहिवाट आमच्या गावांत आहे. मी ती मानली नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं.

साहेब आले. मुली गायल्या. साहेबांनी खिशातला रुमाल काढून मान पुसता पुसता गाणं खरोखर ऐकलं — असं सहसा होत नाही — आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? हेडमास्तरांच्या हातात हार होता. त्यांनी हारासकट माझ्याकडे हात केला आणि म्हणाले, हे आमचे सर, आमच्याकडचे कवी. साहेबांनी माझा हात हातात घेतला. टाळ्या झाल्या.

मी बोललो नाही.

माईक माझ्यापासून किती लांब होता? हात लांब केला असता तर लागला असता. सुजाता रांगेत पुढेच होती. तीही टाळ्या वाजवत होती. माझ्याकडे बघून, हसून, जोरात. तिला वाटत असणार, सर आता सांगतील.

मी ठरवलं, कार्यक्रम संपल्यावर हेडमास्तरांना सांगू. संपल्यावर जेवणं होती. जेवणावर हे बोलणं बरं दिसेना. सोमवारी वाटलं, आता उगाच त्यांना ओशाळल्यासारखं होईल. बघा, मला हेडमास्तरांच्या ओशाळण्याची केवढी काळजी. पुढे कुणीतरी स्वागतगीतांची पुस्तिका छापली, त्यात ते माझ्या नावानं गेलं. मला विचारलंही नाही. विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं असं मी बराच काळ स्वतःला सांगत असे.

सुजातानं कधी काही विचारलं नाही. दहावीनंतर तिच्या वडिलांनी, अण्णांनी, लग्नाचं काढलं, तेव्हा मी त्यांच्या घरी जाऊन बसलो. दोन-तीनदा गेलो, वाद घातला, आणि ती बारावीपर्यंत शिकली. पुढे नर्सिंग केलं. आता सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. हे मी फेड म्हणून सांगत नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतो. मनातल्या मनात मात्र मी ते बरीच वर्षं फेड म्हणून धरलं होतं.

इथवरचं ऐकून तुम्ही म्हणाल, झालं ते वाईट, पण असं होतं. मीही तसंच म्हणायचो. भित्रेपणा होता, एका क्षणाचा, आणि मग नुसता आळस. मला कबूल करायचं आहे ते हे नव्हेच.

सुजाताची मुलगी प्रज्ञा यंदा नववीत, माझ्याच वर्गात आहे. आईसारखीच उभी राहते, बोलताना बाहेर बघत. दिवाळीच्या आधी मी वर्गात कॉपीराइटचा तास घेतला. नेहमीचं वाक्य म्हटलं. मुलं नेहमीसारखी गंभीर झाली. मग मुलांना विचारलं, तुमच्या घरात कुणी स्वतः काही तयार केलंय का, आणि ते कुणी उचललंय का?

हा तास मला आवडतो, कारण खरी उदाहरणं येतात. अल्ताफचे अब्बा टेम्पो रंगवतात आणि मागच्या फळीवर स्वतःचे शेर लिहितात. तो म्हणाला, "अब्बांचा शेर आता सगळ्या अंबाजोगाई रोडवर फिरतोय सर, आन् अब्बाला कुनी चहा बी पाजला न्हाई." वर्ग हसला. मी फळ्यावर लिहिलं: शेर, टेम्पो.

मग प्रज्ञा उठली. म्हणाली की आपलं स्वागतगीत शाळेत अर्धवट म्हणतात. त्याला अजून एक कडवं आहे. मम्मी घरी भाकरी करताना म्हणते. त्यात मम्मीचं नाव येतं.

मागून एक पोरगा म्हणाला, "सरांच्या गाण्यात तुझ्या मम्मीचं नाव कावून गं?"

वर्ग पुन्हा हसला. या वेळचं हसणं वेगळं होतं. प्रज्ञा हसली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता हो त्या बघण्यात — असता तर कदाचित मी कबूल झालो असतो. तिला काही ठाऊकच नव्हतं. ती निवाड्यासाठी बघत होती. मास्तर आहेत, त्यांना माहीत असणार.

आणि मी निवाडा दिला. अगदी मायेनं दिला. ती माया आठवली की आजही मला खाली बघावं लागतं. मी म्हटलं, असं होतं बाळा. गाणं फार आवडलं की माणूस त्यात आपलं नाव गुंफतो. तुझ्या आईनं प्रेमानंच केलं असणार. पण कायद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर दुसऱ्याच्या रचनेत आपलं नाव घालणं बरोबर नाही. आईला सांग, सरांना राग नाही.

मी तिला माफ केलं. समजतंय ना तुम्हाला? सुजाताचं गाणं सुजातानं म्हटलं म्हणून मी सुजाताला, तिच्या मुलीसमोर, भर वर्गात माफ केलं. आणि टेम्पोच्या खाली फळ्यावर लिहिलं: गाणं, नाव घालणे.

प्रज्ञा खाली बसली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तास संपेपर्यंत तिनं वर पाहिलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना सुजाता आली. ड्यूटीवर निघालेली, पांढऱ्या कपड्यात, स्कूटी फाटकाशी लावून. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता. खरं सांगू? भीतीपेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटलं. चला, तीच बोलून टाकेल.

ती म्हणाली, "प्रज्ञाला मी सांगितलंय सर. गाणं सरांचंच हाय. ते कडवं मी आपलं गमतीनं जोडलतं म्हनून."

मला काही कळेना. मी, ज्यानं तिच्या 'आलाव'चं 'आलात' केलं, तो मी विचारता झालो, "कावून गं?"

तिनं स्कूटीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "तिला अजून दहावी व्हायची हाय तुमच्याकडं. मास्तर खोटा हाय असं पोराच्या मनात बसलं की पोरगं शिकत न्हाई." मग म्हणाली, "माझ्या टायमाला तुमी आमच्या दारात येऊन बसलाव, आन्नांनी चहा दिला न्हाई तरी उठला न्हाईत. ते बी मी तिला सांगितलंय."

मी काय बोललो? काहीच नाही. पंचवीस वर्षांचा सराव होता.

जाताना ती वळली. "आन् सर, एक बोलू का? ते 'आलात' मला अजून बी बरं वाटत न्हाई. 'आलाव'च चांगलं हुतं." हे मात्र हसून म्हणाली. तशीच, रांगेत उभी राहून टाळ्या वाजवताना हसत होती तशी. मग हेल्मेट घातलं आणि गेली.

म्हणजे आता दोन खोट्या गोष्टी झाल्या. एक मी बोललो नाही म्हणून झालेली, आणि दुसरी तिनं माझ्यासाठी, स्वतःच्या लेकीपाशी, स्वतःच्या तोंडानं केलेली. मला सांभाळण्यासाठी तिनं आपलं नाव आपणच खाल्लं.

तुम्हाला वाटेल, त्याच दिवशी मी वर्गात गेलो आणि सगळं सांगितलं. मलाही तसं वाटलं होतं. सोमवारी मी समास शिकवला.

आणि मग गेल्या महिन्यात शाळेच्या हस्तलिखितासाठी मुलांनी साहित्य आणून दिलं. प्रज्ञाची कविता होती. आईच्या रात्रपाळीवर. आई सकाळी घरी येते तेव्हा दवाखान्याचा वास आधी आत येतो आणि आई मागून, असं काहीतरी. मी ती उभ्यानंच वाचली, पुन्हा बसून वाचली. खाली नाव नव्हतं. शेवटच्या कडव्यातही नव्हतं, मी शोधलं.

तिला बोलावून म्हटलं, नाव राहिलंय तुझं.

ती बाहेर बघत म्हणाली, "राहू द्या सर. उद्या कुना दुसऱ्याची निघाली तर?"

आपण स्वतः केलेली कविता. तिच्याच आईवर, तिच्याच घरातली. ती उद्या दुसऱ्या कुणाची निघू शकते असं या मुलीला वाटतं. आणि का वाटू नये? तिच्या घरात एकदा तसं झालेलं आहे. भाकरी करताना आई जे आपलं म्हणून गात होती ते सरांचं निघालं. सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. आईनं घरी कबूल केलं. दोन मोठी माणसं एकच सांगताहेत म्हटल्यावर लेकरानं कुणावर विश्वास ठेवायचा?

मी तिच्या कवितेखाली तिचं नाव माझ्या हातानं लिहिलं. ती बघत उभी राहिली. तिला ते पटलेलं दिसलं नाही. मीही, कुणाचं नाव कुठं घालायचं हे ठरवणारा माणूस म्हणून, तिला फारसा भरवशाचा वाटलो नसेन.

तर हे असं आहे. 'उन्हातून आलाव' हे गाणं सुजातानं केलं. नववीत असताना, शाळेच्या खिडकीशी उभं राहून. त्याला चार कडवी आहेत आणि चौथ्यात तिचं नाव आहे. मी ते खाल्लं. मग तिच्या मुलीला शिकवलं की चोर तिची आई आहे, आणि ते शिकवताना माझा आवाज अतिशय प्रेमळ होता. त्या शनिवारनंतर सुजाताला मी अजून भेटलेलो नाही. भेटून काय बोलायचं ते मला ठाऊक आहे, म्हणूनच भेटलेलो नाही.

येत्या गुरुवारी माजलगावच्या एका शाळेत माझं व्याख्यान आहे. विषय कॉपीराइट, सुरुवात स्वागतगीतानं. काल धीर करून मी तिथल्या संगीताच्या सरांना चौथं कडवं मोबाईलवर पाठवलं आणि लिहिलं, कृपया हे वगळू नये. त्यांचं उत्तर लगेच आलं. कडवं फार सुंदर आहे, असं फक्त तुम्हीच लिहू शकता, सुजाता म्हणजे आमच्या वहिनी का, असं त्यांनी विचारलं होतं. खाली आणखी एक ओळ होती: प्रमुख पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम असल्यामुळे वेळेअभावी पहिली तीनच कडवी घेत आहोत.